न धुतलेली काकडी

भाजीवाल्यानं खजुराच्या झावळीचं टोक मडक्यात बुडवलं आणि काकड्यांवर झटकलं. त्यातले काही थेंब माझ्या मनगटावर उडाले. एवढंच झालं. नदीकाठच्या माहोझा गावच्या बाजारात उन्हं चढायच्या आत हे प्रत्येक पाटीपाशी होतं. पाणी शिंपडतात, भाजी टवटवीत दिसते, माणसं घेतात. पण काकडी उचलायला पुढे केलेला माझा हात तिथेच राहिला, पुढे जाईना आणि मागेही येईना. मी त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी पाहत राहिले. "घ्या की बाई," भाजीवाला म्हणाला, "काकडी आहे, नवरामुलगा नव्हे. किती बघाल?" मी विचारलं, कोरड्या आहेत का. विचारायला नको होतं, हे शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. "कोरड्या?" तो हसला. "सकाळपासून सगळ्याजणी विचारतायत, धुतल्यात ना म्हणून. कोरड्या मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या." शेजारी कांदे निवडणारी म्हातारी मान वर न करता म्हणाली, "हळू विचार ग. कोरडं मागणाऱ्यांची घरं शोधतायत सध्या." मग तिनं माझ्या टोपलीत दोन कांदे टाकले आणि पाठ वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागली.

मी काकड्या न घेताच निघाले. मनगटावरचे थेंब पुसले नाहीत, वाळू दिले. आमच्यात पाण्यालाही जीव असतो. पाण्यात, भाजीत, झाडाच्या सालीत, सगळीकडे उजेडाचे तुकडे अंधारात अडकून पडलेत आणि त्यांना दुखतं, असं आमचे गुरू मानी शिकवायचे. गेल्या वसंतात राजाच्या तुरुंगात, बेड्यांच्या ओझ्याखाली मानी गेले. तेव्हापासून अग्निपूजकांचे पुरोहित आणि राजाचे शिपाई आमच्या माणसांना हुडकतायत. आता उन्हाळा सरत आला. आज सूर्यास्ताला मार शाहरोय माझ्याकडे जेवायला यायचे होते, बरोबर आणखी दोघे. 'मार' आम्ही वडील गुरूंना म्हणतो. ते आमच्या निवडलेल्यांपैकी, म्हणजे घरदार सोडून व्रतानं राहणाऱ्यांपैकी, आणि उरलेल्या थोड्यांत सगळ्यांत वडील. जेवणाआधी मला त्यांना सांगायचं होतं, माझे बाबा कसे गेले. नियम न मोडता गेलेल्याचं नाव स्तोत्रात घेतात. मोडून गेलेल्याचं घेत नाहीत. बाबांच्या शेवटाला आमचं कुणी जवळ नव्हतं. जवळ होता मत्ताई काका, बाबांचा थोरला भाऊ, आणि तो आमचा नव्हे.

काकाही आज येणार होता. "आत नाही येणार मी," त्यानं निरोप धाडला होता, "अंगणात बसेन. तुझ्या लोकांना एवढंच विचार, तो माझ्या हातानं गेला की त्यांच्या नियमानं. काय म्हणतात ते मला सांग, मग मी जातो."

माझ्या हातानं. वाटभर मी तेच शब्द घोळवत होते. नदीच्या अंगानं चालताना पाण्याकडे पाहायचं मी टाळत होते आणि तरी ते दिसत होतं. गढूळ, संथ, कुणाशी काही देणंघेणं नसलेलं. बाबा पाण्याबद्दल असे शब्द वापरू द्यायचे नाहीत. पाणी संथ दिसतं ते तू वरून पाहतेस म्हणून, म्हणायचे. मला वाचायला त्यांनीच शिकवलं, आधी आपली अक्षरं आणि मग ग्रीकांची. मी पुढे पुष्कळ वाचलं. आमचे ग्रंथ वाचले, त्यांना खोडून काढणाऱ्यांचे वाचले, ताऱ्यांवरचे, वैद्यांचे. पाण्याला दुखत नाही असं मला कुठे पटण्यासारखं सापडलं नाही. दुखतं असंही सापडलं नाही. वाचून माणूस शहाणं होतं म्हणतात. मला फक्त एकाच गोष्टीच्या दोन्ही बाजूंना बसता यायला लागलं, आणि कुठल्याच बाजूला नीट बसता येईना.

बाबा आणि काका दक्षिणेकडे एका कालव्याच्या काठी वाढले, पांढऱ्या कपड्यांच्या, आंघोळ हाच धर्म असलेल्या लोकांत. तिथे पहाटे माणसं कालव्यात बुडून निघत आणि मग भाजीलाही तशीच बुडवून काढत. आपल्याच शेतातली काकडी, आपल्याच हातानं तोडलेली, तरी कालव्यात घातल्याशिवाय तोंडात घालायची नाही. भाकरी आपल्याच चुलीवरची, परक्याची नाही. त्याच लोकांत मानी वाढले, बाबांच्या बरोबरीनं. ते भाजी तोडायला जात नसत. दुसऱ्या कुणी तोडून आणून दिली तर खात. बाबा सांगायचे की एकदा कुणी खजुराच्या झाडावर चढला, तेव्हा झाड बोललं आणि ते फक्त मानींनी ऐकलं. मी लहानपणी विचारायची, तू होतास ना तिथे, मग तुला का नाही ऐकू आलं. बाबा म्हणायचे, मी तेव्हा खजूर खात होतो. असं म्हणून हसायचे. ते हसणं मला पुष्कळ वर्षं आधार वाटायचं. पुढे मानींनी भाजी धुणं म्हणजे पाण्याला इजा, असं भर सभेत म्हटलं, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना मारलं. मानी निघाले. त्यांच्यामागून बाबा निघाले, आईला आणि तिच्या कडेवरच्या मला घेऊन. काका कालव्यात गुडघाभर पाण्यात उभा होता, हातात मुळ्यांची जुडी. "जा," तो म्हणाला म्हणे, "भूक लागली की येशील." आई ही गोष्ट सांगायची तेव्हा काकाचा आवाज काढायची. आम्ही हसायचो.

माझे दुधाचे दात पडत होते त्या वर्षी बाबा निवडले गेले. म्हणजे त्यांनी घर सोडलं, आईला सोडलं, झाडाला आणि सुरीला हात लावणं सोडलं. गावातल्या गावातच, तीन गल्ल्या सोडून, दुसऱ्या निवडलेल्यांबरोबर ते राहायला गेले. आईनं मला सांगितलं, आता बाबांना 'तुम्ही' म्हणायचं. आम्ही दोघी ऐकणाऱ्या झालो. ऐकणाऱ्यांनी शेत कसायचं, दळायचं, रांधायचं, पाप घ्यायचं आणि अन्न निवडलेल्यांच्या पुढे नेऊन ठेवायचं. निवडलेला ते खातो, त्याच्या पोटात उजेड सुटा होतो, चंद्रावर चढतो, आणि म्हणून चंद्र भरत जातो. ऐकणाऱ्यांना पुन्हा जन्म घ्यावा लागतो. फारच पुण्य असेल तर खरबुजाचा किंवा काकडीचा, म्हणजे एखाद्या निवडलेल्याच्या पोटातून तरी सुटता येतं. आई म्हणायची, "मी खरबूज होईन आणि तुझ्या बापाच्याच पुढ्यात येईन. तेव्हा तरी माझ्याकडे बघेल." ती ज्या हिवाळ्यात गेली, त्यानंतर भाकरी मी नेऊ लागले. बाबा भाकरी दोन्ही हातांत धरत आणि तिला सांगत की तुला मी कापलं नाही, मी दळलं नाही, भट्टीत मी टाकलं नाही, हे दुसऱ्या कुणी केलं, मी निर्दोष खातो. मी समोर बसलेली असायची. माझ्या बोटांना पीठ लागलेलं असायचं. दुसरं कुणी. राग यायचा असं नाही. एखाद्या खोलीत आपण आहोत आणि खोली रिकामी आहे असं कुणी शांतपणे सांगावं, तसं काहीतरी वाटायचं, आणि मग ते खायला लागायचे, चावून चावून, आणि मला बरं वाटायचं की भाकरी आवडली.

मानी गेल्यावर पकडापकडी सुरू झाली तेव्हा बाबांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. मी काकाचं नाव घेतलं. काका दक्षिण सोडून कधीच वर, आमच्या बाजूला सरकून आला होता. नदीपलीकडे, राजधानी तेसिफोनच्याही पुढे, कालव्याकाठी त्याच्या लोकांची चारपाच घरं होती आणि त्याचा मळा होता. पांढऱ्या कपड्यांच्या म्हाताऱ्या माळ्यांत आणखी एक म्हातारा, शिपायांना काय कळणार. इतक्या वर्षांत भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. काकानं दार उघडलं, बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "लागली भूक?" बाबा म्हणाले, "अजून नाही." आणि आत गेले.

त्या दिवसांत मी रोज पूल ओलांडून भाकरी नेत होते, आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. दोघे म्हातारे अंजिराच्या सावलीत बसून भांडत. "काकडीला रोज आंघोळ घालतोस," बाबा म्हणायचे, "काकडी स्वच्छ होते. तुझं काय होतं?" "मी निदान अंगाला लावतो पाणी," काका म्हणायचा. "तुझ्या वासानं माझी मेंढी दूध देईनाशी झाली." "तुझी मेंढी म्हातारी झालीये, मत्ताई." "म्हणजे घरातलं सगळ्यांत तरुण ते मेंढरूच." असं चालायचं. एकदाच काका चिडला. बाबा सांगत होते, देठ तुटतो तेव्हा भाजी कशी रडते ते. काका हातातलं खुरपं खाली ठेवत म्हणाला, "भाजीचं रडणं तुला ऐकू येतं. बायकोचं कधी आलं होतं का?" मी भाकरीचं फडकं घडी करत राहिले. नीट घडी झालेलं फडकं पुन्हा उलगडून पुन्हा घडी केलं.

मग पूल बंद झाला. पूल म्हणजे एकीला एक बांधलेल्या नावांवर टाकलेल्या फळ्या, राजाच्या माणसांनी नावाच सोडून नेल्या. पलीकडच्या काठावर झडती चालू होती. होडीवाल्यांना दम दिलेला. मी रोज काठावर जाऊन उभी राहायची, माझ्यासारखी इतरही माणसं असायची, कुणाची म्हैस पलीकडे, कुणाची बायको. माझ्या मनात काळजी नव्हती. मळा होता तिथे. काकड्या लागलेल्या, खरबुजं लागलेली, कांद्याची पात. काका होता. खायला घालणारा माणूस जवळ असेल तर निवडलेला उपाशी राहत नाही, असा माझा हिशोब. मी सगळा विचार केला होता. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, आणि ती आमच्याशिवाय आणि काकाच्या लोकांशिवाय जगात कुणाच्याच डोक्यात आली नसती.

पूल पुन्हा जोडला त्या सकाळी मी मळ्यावर पोचले तेव्हा काका अंजिराखाली एकटा बसलेला होता, आणि थोड्या अंतरावर मातीचा उंचवटा होता. त्याच्या लोकांच्या रीतीनं त्यानं भावाला पुरलं होतं. मी भाकरी घेऊन उभी राहिले. काका म्हणाला, बस. मग सांगायला लागला, मधूनच, शेवटाकडून, सुरुवातीकडून. पहिल्या दिवशी मी आले नाही तेव्हा त्यानं काकडी तोडली, कालव्यात बुडवली आणि बाबांपुढे ठेवली. बाबांनी विचारलं, बुडवलीस का. "मग काय तशीच देऊ?" काका म्हणाला. "घरी आलेल्या माणसाला ओवळं खायला घालू?" बाबा म्हणाले, राहू दे. दुसऱ्या दिवशी तेच. कांद्याची पात, तेच. काकाच्या भाकरीचंही तेच, तिचे गहू दळण्याआधी कालव्यात धुतलेले. परक्याच्या हातचं काका खात नाही तसंच न धुतलेलं दुसऱ्याला देणं म्हणजे त्याच्या लेखी विष देणं. आणि बाबांच्या लेखी ते धुतलेलं म्हणजे त्यांच्यासाठी कुणाला तरी मुद्दाम दुखवलेलं. तोडून घ्यायला त्यांचा हात उठणार नव्हता, खाली पडलेलं फळसुद्धा ते उचलायचे नाहीत. "मला वाटलं रुसलाय," काका म्हणाला. "लहानपणी रुसायचा. संध्याकाळी येऊन गुपचूप खायचा. मी वाट बघत होतो संध्याकाळ व्हायची. संध्याकाळ व्हायची रोज, तो काही यायचा नाही." उन्हाळा होता. बाबा म्हातारे होते, आणि निवडलेल्यांच्या अंगात एरवीही फारसं काही नसतं. ते झोपूनच राहायला लागले.

"मग एका पहाटे," काका म्हणाला, "मी कालव्यातून बाहेर आलो आणि ठरवलं. जाऊ दे म्हटलं. आयुष्यभर केलं नाही ते करतो. वेलीवरून एक कोवळी काकडी तोडली आणि तशीच नेली. तशीच, पोरी. धुतली नाही. मी त्याच्या तोंडाशी धरली." काकानं स्वतःचे तळवे पाहिले, मोठे, भेगा पडलेले. "माझे हात ओले होते. आताच पाण्यातून आलो होतो ना. काकडीवर थेंब होते. त्यानं ते बघितले. मी म्हटलं, धुतली नाही रे, माझे हात ओले आहेत. आणि घाबरून हात मागे घेऊन पाठीला पुसले. तो म्हणाला, मत्ताई, लहानपणी पण खोटं बोलताना तू हात मागे न्यायचास. हसला थोडा. आणि तोंड भिंतीकडे केलं." काकानं मग हात पुसले, नीट वाळवले, दुसरी काकडी आणली, कोरडी. पण बाबांनी पुन्हा डोळे उघडले नाहीत. श्वास दुपारपर्यंत होता.

काकानं स्वतःच्या लोकांनाही सांगितलं होतं, लपवलं नाही. त्यांनी त्याला न धुतलेलं अन्न हातात धरलं म्हणून पंक्तीतून उठवलं. आता त्याच्या चुलीवरचं कुणी खात नाही आणि त्यांच्या चुलीवरचं त्याला कुणी वाढत नाही. हे त्यानं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस कमी झाला म्हणावं तसं सांगितलं.

बाजारातून आल्यावर मी भट्टी पेटवली. थापताना मला सारखं वाटत होतं की मार शाहरोय शहाणे आहेत, ते समजतील. मला त्यांच्याकडून काय हवं होतं हे मी स्वतःला स्पष्ट विचारलं नव्हतं, पण भाकऱ्या उलटताना ते हळूहळू कळत गेलं. मला बाबांचं नाव स्तोत्रात नको होतं असं नाही. मला हवं होतं की कुणीतरी मोठ्या माणसानं म्हणावं, हे व्हायला नको होतं. त्यांनी नियमापायी जीव दिला नाही, एका गैरसमजापायी त्यांचा जीव गेला, आणि हे वाईट झालं. एवढं कुणी म्हटलं असतं तर मला बाप गेल्यासारखं रडता आलं असतं.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा काका येऊन अंगणात, बाहेरच्या भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळानं मार शाहरोय आणि दोघे आले. एकेक, वेगवेगळ्या गल्लीनं, शाली मजुरांसारख्या डोक्यावरून घेतलेल्या. त्यांनी काकाकडे पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं, जसं काकानं सांगितलं होतं तसं. हातांपर्यंत आले तेव्हा पाण्याचा घोट घेतला आणि पुढे सांगितलं. दोघांतला तरुण रडत होता. मार शाहरोय डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याला वाटलं की धुतलेली आहे."

"हो. पण नव्हती."

"आणि त्यानं नाकारली."

"धुतलेली नव्हती, मार शाहरोय. माझ्या काकानं आपला धर्म मोडून कोरडी आणली होती. हात ओले होते फक्त. बाबांची चूक झाली."

"हाताचं पाणी काय, कालव्याचं पाणी काय," ते मृदूपणे म्हणाले. "पाण्याला लागलंच ना."

"ती त्यांनी खाल्ली असती तर चाललं असतं. ते वाचले असते."

"वाचून काय?" हे त्यांनी कठोरपणे विचारलं नाही, खरोखर विचारलं. "शेलमत, तुझ्या बापानं चुकून का होईना, नियम पाळला. चुकून पाळलेला नियमही पाळलेलाच असतो. त्याचं नाव आज घेऊ. आनंदाचा दिवस आहे."

मी विचारलं, आणि माझा काका. त्याला जाणून घ्यायचंय की त्याच्या हातानं गेले की नियमानं. मार शाहरोय काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी एखाद्या परक्या भाषेत बोलले होते आणि ती ते पूर्वी कधीतरी शिकले होते. "गेला कुठे?" ते म्हणाले. "सुटला तो. हातानं सुटला की नियमानं, हा प्रश्न त्याच्यासाठी आता उरलेला नाही. आणि ज्याच्यासाठी उरलाय तो आपल्यातला नाही." पुरलं कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. देहाचं आमच्यात कुणी विचारत नाही. मी भाकऱ्या आणि खरबुजाच्या फोडी त्यांच्यापुढे मांडल्या आणि एक भाकरी फडक्यात घेऊन बाहेर आले.

काकानं मान वर केली. "काय म्हणाले?"

"नाव घेणार म्हणाले."

"ते बरं झालं. आणि माझ्या प्रश्नाचं?"

आतून अंगणात येईपर्यंत मी दोन उत्तरं तयार केली होती आणि दोन्ही नीट होती. "त्यांना माहीत नाही, काका," मी म्हटलं. "कुणालाच माहीत नाही."

त्यानं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. आत स्तोत्र सुरू झालं, दबक्या आवाजात, गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांचं नाव येईल तेव्हा मला कळेल की नाही, हे मला समजेना. मी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का. तो म्हणाला, खायला घालतंय कोण. मी फडकं उलगडून भाकरी त्याच्यापुढे धरली. परक्या चुलीवरची भाकरी. त्यानं ती घेतली, इकडून तिकडे फिरवली, वास घेतला.

"पाणी देतेस?" तो म्हणाला.

"भाकरी कुणी धुतं का, काका."

"नाही धूत. आमच्यातही नाही धूत." तो थोडा ओशाळला. "पण परक्याची खायची तर काय करायचं, हे कुणी सांगितलंच नाही. आता माझं मलाच ठरवायचंय."

मी आत जाऊन मडकं आणलं. गाणारे गात होते, त्यांच्यातल्या कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्यात असं पाणी ओतायचं नसतं. मी ओतलं. काकानं भाकरी दोन्ही हातांनी धारेखाली धरली, जपून, आधी एक बाजू मग दुसरी. भाकरी मऊ झाली, मधून खचली, आणि तिचे तुकडे त्याच्या बोटांतून अंगणाच्या मातीत पडायला लागले. मी थांबले. तळव्यात जो लगदा उरला होता तो त्यानं तोंडाकडे नेला आणि सावकाश खाऊ लागला.

"चव गेली ग तिची सगळी," तो म्हणाला, आणि खात राहिला.